डावी सिल, तिसरा महिना: फसफसणारे टाके आणि बाबांचं जळकं ऑइल

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की आमच्या जुन्या पद्मिनी गाडीची डावी सिल (दाराखालची लांब, पोकळ पत्र्याची पेटी) दोन रविवारांत वेल्डिंग करून बंद करतो. पाच रविवार गेले. सिल अजून पाऊण भागच बंद झालीय, पण घोळ नेमका कुठे होता ते काल रात्री सापडलं, त्यामुळे आज राहवत नाहीये.

आधी पत्र्याची गोष्ट उरकतो. भवानी पेठेतल्या एका दुकानातून वीस गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी पत्रा) आणला, आठ बाय चार फुटांचा. घरी आल्यावर उचलताना हाताला हलका लागला. एक मिलिमीटरचा तेवढा पत्रा साधारण 23.3 किलो भरतो, म्हणजे 0.9 चा 21 किलो भरायला हवा. काट्यावर भरला साडेअठरा. मायक्रोमीटर म्हणाला 0.79. पत्रा किलोवर मिळतो, त्यामुळे पैशात फसलो नाही, जाडीत फसलो. तेव्हापासून दुकानात गेज बोलणं बंद. 'पॉइंट नऊ एमएम' म्हणतो आणि मायक्रोमीटर खिशातून काढून काउंटरवर ठेवतो. भाव तोच राहतो, पत्रा मात्र बरोबर निघतो. सपाट तुकड्यांना साधा डी ग्रेड चालतो. चाकाच्या कमानीसारखा दोन्हीकडून वळणारा भाग ठोकायचा असेल तर ईडीडी, म्हणजे खूप ताणला तरी न फाटणारा ग्रेड मागा, नाहीतर कडेला चिरतो. 'जीपी (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) घ्या, गंजत नाही' हा सल्ला मला आतापर्यंत चार जणांनी दिलाय. त्या चौघांनी जस्ताचा पांढरा धूर एकदा छातीत भरून घ्यावा, रात्री थंडी वाजून ताप आला की मग बोलू.

आता मुख्य दुखणं. बाहेरचा नवा पत्रा आणि आतल्या पेटीची जुनी कड, हा खालचा सांधा. इथे टाका, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका मारला की फसफसायचा. वरून गोळा दिसायचा, ग्राइंडर फिरवला की आत रव्याच्या इडलीसारखी जाळी. पहिला संशय वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसवर, कारण नळकांडं नुकतंच बदललं होतं, आर्गन-सीओटू 80-20 चं. फ्लो दहा लिटर, नळी ठीक, नोझल साफ. मग वाऱ्यावर संशय. पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना जुन्या सतरंज्या टांगल्या, सोसायटीतल्या लोकांना वाटलं सत्यनारायण आहे. मग वितळून सांध्यात भरणाऱ्या वायरवर. पावसाळ्यात उघडं राहिलेलं 0.8 चं रीळ वरून किंचित तांबूस दिसत होतं, म्हणून नवं आणलं. (ईआर 70 एस-6, पाच किलोचं. पंधरा किलोचं स्वस्त पडतं, पण माझ्या मशिनात बसत नाही.) तरी फसफस तशीच.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्याच सेटिंगला, चाळीसेक अँपिअरवर, टेबलावर दोन रद्दी तुकडे जोडले. बीड, म्हणजे वेल्डची रेघ, एकदम चकचकीत. म्हणजे मशीन, गॅस, वायर सगळे निर्दोष. गुन्हेगार गाडीतच होता. वरचा सांधाही नीट येत होता, बोंब फक्त खालच्या कडेची. तिथे जरा जास्त वेळ वेल्डिंगचा टॉर्च धरला तर दोन पत्र्यांच्या फटीतून काळा थेंब डोकावला, आणि मागोमाग छोटीशी पिवळी ज्योत. वासावरून लगेच कळलं. जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल.

वर जाऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मग? दर मे महिन्यात पिचकारीने घालायचो. आतून गंजलीय का? नाही ना?" आता यावर काय बोलणार! आतली पेटी खरंच शाबूत आहे, 1984 ची गाडी असूनसुद्धा. पण वीसेक वर्षांचं ते ऑइल कडेच्या फटीत झिरपून बसलंय आणि उष्णता लागली की वितळलेल्या धातूतूनच बाहेर येतंय.

थिनर, असिटोन, चिंध्या, हीटगन सगळं झालं. वरवर साफ होतं, टाका मारला की आतून पुन्हा पाझरतं. एक गोष्ट कळकळीने सांगतो: इथे ब्रेक क्लीनरचा डबा उचलू नका. क्लोरीनवाला असेल तर वेल्डिंगच्या आर्कमुळे त्याच्या वाफेचा फॉस्जीन होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला वायू. असिटोन वापरलं तरी पूर्ण उडून जाईपर्यंत आणि चिंध्या लांब नेऊन टाकेपर्यंत टॉर्चला हात नाही. अग्निशामक शेजारी ठेवला होता, एकदा वापरावाही लागला.

काल रात्री ठरवलं, की धुवत बसण्यापेक्षा ती कडच कापून टाकायची. चाळीस मिलिमीटरची पट्टी उडवली. दारांच्या चौकटीत आडवे अँगल आधीच मारलेले आहेत, त्यामुळे बॉडी बसण्याची भीती नव्हती. मोनोकॉकला, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, बॉडीनेच भार पेलणाऱ्या गाडीला सिल म्हणजे कणा, अँगलशिवाय कापू नका. नवी कड 1.2 ची, भोसरीत बेंडिंगवाल्याकडून काटकोनात वाकवून आणलेली. पहिला टाका मारला, ग्राइंडर फिरवला, आत जाळी नाही! रात्री साडेअकराला एकटाच हसत होतो.

आधीच्या उद्योगात पडलेली सात भोकंही बुजली. त्यासाठी तांबट आळीतून तांब्याची जाड पट्टी आणली होती. भोकामागे ती दाबून धरायची आणि कडेने थोडं थोडं भरत यायचं. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि उष्णताही तीच ओढून घेते. आजवर वेल्डिंगच्या नावाखाली आणलेल्या सामानात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

खरं तर पुढच्या रविवारी टाके जोडत सलग बीड ओढणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, की खालच्या कडेला वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरावीत, म्हणजे प्लग वेल्डच करावेत. मुळात तिथे कारखान्यातले स्पॉट वेल्डच (ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले) होते, आणि पत्रा कमी ओढला जाईल. मधल्या जागेत गंज रोखायला जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (वेल्डिंगआधी सांध्यात लावायचा रंग), फक्त भोकांपुरता खरवडून. हो, असंच करतो.

मग उजवी बाजू. तिकडची कड आधीच कापून ठेवणार आहे, कारण बाबा चहा पिताना सहज म्हणाले, "उजवीकडे जरा जास्तच घालायचो हं, तिकडून पाणी जास्त उडायचं."