डीम लाईनचा आवाज

भाचा पुण्याहून आला तो नुसती गिटार घेऊन. "अँप्लिफायर कुठाय रे?" म्हटलं, तर लॅपटॉपवर थाप मारून म्हणाला, "मामाजी, याच्यात चाळीस आहेत."

चाळीस म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, मशिनी. एकेक बैलजोडीहून महाग, पण त्यांचे आवाज लोक फायलीत उतरवून फुकट वाटतात. युक्ती ऐकायला सोपी. तीनेक मिनिटांचा ठरलेला आवाज मशिनीत सोडायचा, पलीकडून निघतो तो टिपायचा आणि दोन्ही कॉम्प्युटरपुढे ठेवायचे. हे आत गेलं, हे बाहेर आलं. मधलं तू शीक. सेकंदाला 48,000 ठिपके तो पडताळत बसतो.

त्या चाळिसात एक मार्शल होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेची फेंडर मशीन लंडनमध्ये फार महाग पडते म्हणून जिम मार्शलच्या दुकानात तिच्यावरून बेतलेला. म्हणजे भाचा वाजवत होता ती नकलेची नक्कल. मला बरंच वाटलं. जुगाड काही फक्त आर्वीच्या बाजारातच होत नाही.

व्हॉल्व्हची मशीन तर आमच्या गावातही आहे. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना पूर्वी तिच्यावरच व्हायची. आबाजी बटण दाबत. अर्धा मिनिट काहीच नाही. मग व्हॉल्व्ह लालसर होत आणि देवळावरचा भोंगा हळूच 'घूंऽऽ' धरे. तेवढ्यात बाया चुलीवरचं भांडं उतरवत, पोरं पायांवर पाणी घेत. आता नवी मशीन आली. जुनी आबाजींच्या घरी, कापडाखाली.

भाच्यानं मागची जाळी काढली आणि बैलाचे दात बघावेत तसा आत डोकावला. "ईएल चौतीस! मामाजी, पुढं मार्शलमध्ये याच नळ्या!" लगेच भोंगा अंगणात, समोर माईक, गिटार मशिनीत. शेजारच्या काकू विचारून गेल्या, कोणाचं लग्न हाय का म्हणून.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस. शेतीला त्या आठवड्यात रात्रीची लाईन. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या तसा अंगणातला बल्ब पिवळा पडला. मीटर 170 व्होल्ट दाखवू लागलं. मी म्हटलं, झालं, गुंडाळा आता. पण भाचा हात वर करून थांबलेला. तार जोरात छेडली की मशीन आधी दबायची, जरा दम घ्यायची, मग फुगून यायची. चढावर बैल नेट लावतो ना, तसं.

तेव्हा कळलं, एडी व्हॅन हॅलन नावाचा मोठा गिटारवाला आपल्या मार्शलला मुद्दाम कमी व्होल्टेज द्यायचा, त्यासाठी वेगळं यंत्र लावून. आम्ही त्याच गोष्टीबद्दल वीस वर्षं अर्ज करतोय.

आता पंचाईत अशी की एका फायलीत मशिनीची एकच अवस्था उतरते. बटणं जिथं असतील तिथं, लाईन जशी असेल तशी. भाचा म्हणाला, स्टॅबिलायझर लावून 230 वर घेऊ, तोच खरा आवाज. मी हटून बसलो. 230 वर ही मशीन आम्ही ऐकली कधी? शेवटी डीम लाईनवरच घ्यायचं ठरलं. दोन मिनिटं झाली आणि कोणाची तरी मोटार बंद पडली. बल्ब एकदम पांढरा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला जमलं.

सकाळी आबाजींना लॅपटॉपवर ऐकवलं. कानाला हेडफोन धरून ते बराच वेळ गप्प.

"आवाज तोच हाय. पन ते घूं कुठं गेलं बावा?"

भाच्यानं समजावलं. आत सोडलेल्या आवाजाचं जे होतं तेवढंच कॉम्प्युटर शिकतो. घूं लाईनमधून येतं, त्याचा गिटारीशी संबंध नाही, म्हणून ते गळून जातं. आणि गरम व्हायची वाटही बघावी लागत नाही, आबाजी, बटण दाबलं की सुरू.

आबाजींनी हेडफोन उतरवला.

"मंग बायकायले कसं समजन, चुलीवरचं कवा उतरवाचं?"