रात्रपाळीला सोबत कोण?

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाच्या पोरी दरवर्षी आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला येतात. दोन-चार दिवस बुजलेल्या असतात. मग चहाच्या वेळी एखादी विचारतेच, "मॅडम, नोकरी नागपुरात करू का इकडे खेड्यात? आन् तुम्ही नागपूर सोडून काहून आल्या?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. सासूबाई पडल्या, खुबा मोडला, आणि नवऱ्याची शेती यवतमाळ जिल्ह्यात. सेवाभाव वगैरे काही नव्हतं.

पहिल्या प्रश्नावर मीच उलट विचारते: रात्रपाळीला तुझ्यासोबत कोण असेल, पाहून आलीस का? पगार, क्वार्टर, घरी जायची बस, सगळ्याची चौकशी झालेली असते. याची नसते.

नागपुरात मी 3 वर्षं खासगी आयसीयूत होते. रूमचं भाडं आणि मेस दिली की पगारातलं काही उरायचं नाही. पण मॉनिटर बोंबलला आणि हाक मारली की तीन माणसं धावत यायची. चुकलं तर सीनियर सिस्टर पेशंटसमोर झापायच्या. तेव्हा रडायचे. हात मात्र तिथेच बसला.

इकडे 30 खाटा. रात्री मी, एक मावशी, आणि डॉक्टर क्वार्टरवर. रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. ऑक्टोबर होता, सोयाबीनची सोंगणी चाललेली. पाऊस येईल म्हणून गंजीवर ताडपत्री टाकायला गेलेल्या एका बाईला रात्री मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. पाय सुजलेला, चाव्याच्या जागेतून रक्त झिरपत होतं. त्याआधी तासभर मांत्रिकाकडे वाया गेलेला. "परड होती जी," दीर म्हणाला. परड म्हणजे घोणस.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "20 मिनिटांची टेस्ट लावा, आलोच." शिरेतलं 2 मिली रक्त कोरड्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून गोठलं का बघायचं. नागपुरात रक्त लॅबला जायचं आणि चिठ्ठी परत यायची. ही टेस्ट मी पुस्तकातच पाहिलेली. हाताला आली ती प्लास्टिकची नळी उचलली. मावशी मागून म्हणाल्या, "सिस्टर, काचेची घ्या. पिलास्टिकमधी रक्त धड गोठत नाही."

20 मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं.

तोवर डॉक्टर आले होते. सर्पदंशाच्या लसीच्या 10 बाटल्या काढल्या. आत कोरडी पावडर असते; पाणी घालून तळहातात गोल फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवलं. एकेक बाटली विरघळायला किती वेळ लागतो, हे त्या रात्री कळलं. पहाटे तिला 108 ने पुढे पाठवलं. पंधरा-वीस दिवसांनी ती कसल्याशा कागदावर सही घ्यायला आली. मला ओळखलं नाही, मावशींना ओळखलं.

म्हणून मी सांगते, आधी दोन वर्षं मोठ्या वॉर्डात काढा, शक्यतो मेडिकल कॉलेजच्या. शिव्या खा, शिरा शोधा. पण खेड्यात अशी मावशी आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर असेल, तर सरळ या. इथे एका वर्षात जे हातून जातं ते शहरात पाच वर्षांत जात नाही. दोन्ही नसतील, तर नोकरी पर्मनंट असली तरी मी नाही म्हणते. (कंत्राटी 11 महिन्यांची भानगड वेगळीच, ती तुमच्या घरच्यांशी बोला.)

गेल्या महिन्यात एका पोरीला म्हटलं, आरोग्य केंद्र बघायला सकाळी अकराला नको, रात्री नऊला जा. ती वडलांना घेऊन गेली. दिवे होते, सिस्टर होती. औषधांच्या खोलीची किल्ली मात्र फार्मासिस्टच्या घरी, आणि घर तालुक्याला. ती अजून ठरवते आहे.