खिशात राहिलेली चिठ्ठी

सामन्यानंतरच्या सोमवारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि घरच्या मैदानावर, घरच्याच प्रेक्षकांसमोर आपला फुटबॉल संघ का हरला याचा एक पानी लेखी अहवाल मागितला. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे पराभवाच्या अहवालात काय लिहायचे असते हे मला पाठ आहे: पंचांचे निर्णय, ऐनवेळच्या दुखापती, समोरच्यांचा धसमुसळा खेळ. अडचण इतकीच होती की, त्या दिवशी पंचांनी चोख काम केले होते, कोणालाही मोठी दुखापत झाली नव्हती आणि समोरचा तालुक्याच्या गावाहून आलेला संघ अत्यंत शिस्तीत खेळला होता. पहिला मसुदा दोन ओळींपुढे सरकला नाही.

त्या वर्षी विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद आम्ही मागून घेतले होते. बाद पद्धतीची स्पर्धा, त्यात पहिलाच सामना यजमानांचा, म्हणजे आमचा. फुटबॉल म्हटले की पेठापेठांतून माणसे निघतात असे हे गाव आहे. शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांचे, सामने असले की दुपारनंतर आमच्या वर्गांत कोण बसलेले असते हे प्राध्यापकांना विचारावे. तेव्हा यजमानपदाचा थाट मोठा असणार हे उघडच होते, आणि त्या थाटाचा मुख्य कारभारी मी होतो.

थाटाची सुरुवात मांडवापासून झाली. उद्घाटनासाठी व्यासपीठ, त्यासमोर निमंत्रितांच्या खुर्च्या आणि वर कापडी छत असा मांडव मैदानाच्या पश्चिमेला, इमारतीच्या बाजूने घालायचे ठरले. आमचे मैदान ९२ मीटर लांब आणि ५८ मीटर रुंद. मांडवाने पश्चिमेकडचे ४ मीटर खाल्ले. बाजूची रेषा तेवढी आत घेतली की काम भागेल असे मांडववाल्यांना वाटले. पण आमचे गोलचे खांब सिमेंटमध्ये पक्के रोवलेले आहेत, आणि गोल हा गोलरेषेच्या बरोबर मध्यावर असावा लागतो. त्यामुळे पश्चिमेला ४ मीटर आत घेतले तेव्हा पूर्वेलाही ४ मीटर आत घेणे भाग पडले, आणि मैदान ५० मीटर रुंद उरले. नियमानुसार किमान रुंदी ४५ मीटर चालते, म्हणून मी निर्धास्त होतो. आदल्या संध्याकाळी दोरी धरून मुलांबरोबर नव्या रेषांवर फक्की मारताना माझ्या मनात एकच विचार होता, तो म्हणजे व्यासपीठावरून मैदान छान दिसेल.

रुंदी कमी झाल्याने दोन गोष्टी घडणार होत्या, आणि दोन्ही आमच्या विरुद्ध. आमच्या संघातील बहुतेक मुले तालमींकडून खेळणारी. त्यांचा सराव गांधी मैदानावर, सामने शाहू स्टेडियमवर. चेंडू बगलेवर न्यायचा, तिथून समोरच्याला पळवून दमवायचे आणि मग डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, क्रॉस टाकायचा, हा त्यांचा हातखंडा खेळ. त्याला रुंदी लागते. महाविद्यालयाच्या मैदानावर ही मुले वर्षातून तीन-चार आठवडे येतात. त्याला घरचे मैदान म्हणणे हा खरे तर कागदोपत्री हिशेब झाला. दुसरी गोष्ट थ्रो-इनची, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकण्याची. गोलची रुंदी ७.३२ मीटर असते, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर ५८ मीटर रुंद मैदानात बाजूच्या रेषेपासून जवळचा खांब सुमारे २५ मीटरवर राहतो. ५० मीटर रुंद मैदानात तोच खांब साधारण २१ मीटरवर, लांब फेकणाऱ्याच्या टप्प्यात येतो. हे गणित मी पराभवानंतर केले. पाहुण्या संघाच्या क्रीडासंचालकांनी ते सकाळी आल्या आल्या, पावलांनी रेषा मोजत केले असावे, असा माझा दाट संशय आहे.

सामना ९ वाजता सुरू व्हायचा होता. मुलांनी साडेआठला वॉर्मअप सुरू केला. फिफाने तयार करून घेतलेला, धावणे, ताकद, तोल आणि उड्या असे टप्पे असलेला सुमारे २० मिनिटांचा '११+' हा क्रम आम्ही नेमाने करतो. पावणेनऊनंतर मुले घामाने निथळत उभी होती, आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती. ती पावणेदहाच्या सुमारास आली. मग दीपप्रज्वलन, चेंडूची पूजा, नारळ, शाल, स्वागतगीत, प्रास्ताविक. दोन्ही संघांची ओळखपरेड झाल्यावर पाहुणा संघ मोकळा झाला, आणि आमच्या मागच्या गोलपाशी जाऊन शांतपणे वॉर्मअप करू लागला. आमच्या मुलांपैकी दोघांच्या हातांत सत्काराची ताटे होती, चौघे पुष्पगुच्छ पुढे करत होते, आणि कर्णधार अल्पोपाहाराच्या डब्यांची संख्या कमी पडते आहे हे मला खुणेने सांगत होता. ही कामे मीच त्यांना वाटून दिली होती. भाषणे संपून शिट्टी वाजली तेव्हा १० वाजून २० मिनिटे झाली होती, आणि आमच्या संघाचा घाम अंगावरच वाळला होता.

चौथ्या मिनिटाला त्यांना पूर्वेकडच्या बाजूने, डी च्या रेषेत थ्रो-इन मिळाला. मांडवाच्या बाजूला धाव घ्यायला जागा नव्हती. पूर्वेला मात्र मोकळे रान होते. त्यांच्या एका उंच, सडपातळ मुलाने पाच-सहा पावलांची धाव घेऊन चेंडू असा फेकला की तो थेट जवळच्या खांबासमोर पडला. त्याच क्षणी आमचे तीन बचावपटू ओळीने पुढे सरकले आणि तिघांनी हात वर केले. आठवडाभर मी त्यांच्याकडून ऑफसाइडचा सापळा घोटून घेतला होता; समोरच्याने चेंडू मारण्याआधी एकदम पुढे यायचे, म्हणजे त्यांचा आघाडीचा खेळाडू मागे एकटा सापडतो आणि ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, ठरतो. पण थ्रो-इन, कॉर्नर किक आणि गोल किक यांवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड धरत नाहीत, हा नियम मी त्या आठवड्यात एकदाही उच्चारला नव्हता. मुलांना तो माहीत नव्हता असे नाही. पण घोटून घेतलेली गोष्ट माहीत असलेल्या गोष्टीच्या आधी अंगात येते, आणि त्यातून अंग थंड पडलेले. मागे मोकळ्या राहिलेल्या मुलाने चेंडूला डोके लावून गोल केला. लाईनमनचा झेंडा खालीच होता, आणि आमचे तिघे हात वर करून उभे होते. त्या क्षणाचा फोटो दुसऱ्या दिवशी एका मुलाने ग्रुपवर टाकला. तो पाहून मी कोणालाही काहीही बोलू शकलो नाही.

आमची बरोबरी पूर्वार्ध संपता संपता, फ्री किकवर झाली. सामना ३५-३५ मिनिटांचा होता, त्यामुळे मध्यंतरात १-१ असताना मला अजिबात काळजी वाटत नव्हती.

काळजी वाटायला हवी होती ती आमच्या उजव्या बगलेच्या बचावपटूची. हा मुलगा आदल्या दुपारी तालमीकडून पूर्ण सामना खेळला होता आणि नंतर रात्री दहापर्यंत आमच्या खुर्च्या उचलत होता. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. मध्यंतरात तो पोटरी चोळताना दिसला, म्हणून मी बदली खेळाडूची चिठ्ठी भरली, सही केली आणि दहा मिनिटे पाहू या म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली. उत्तरार्धाच्या पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्याने बाकाकडे पाहून ओरडून सांगितले, "सर, पायात गोळा आलाय, बदला मला." मी उठलो, बदली मुलाला जर्सी चढवायला सांगितले, आणि तेवढ्यात मांडवातून प्राचार्यांनी हाताने बोलावले. प्रमुख पाहुणे निघाले होते. यजमान संस्थेच्या क्रीडासंचालकाने त्यांना गाडीपर्यंत सोडायला जायचे नाही तर कोणी जायचे?

फाटकापाशी निरोप लांबला. पाहुण्यांना त्यांच्या काळातील एका सामन्याची आठवण झाली होती. मी मान डोलावत होतो आणि कान मैदानाकडे होते. सहायकाने दोनदा बदलीची परवानगी मागितली, पण संघव्यवस्थापकाची सही असलेली चिठ्ठी आल्याशिवाय टेबलावरचे अधिकारी बदल करू देईनात, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. उद्घाटनाआधी तो दंडक मीच सर्वांना वाचून दाखवला होता. मैदानात तो मुलगा एका पायावर लंगडत जागा राखून उभा होता. पाहुण्या संघाला हे दिसले नसते तरच नवल. त्यांनी सलग तीन चाली त्याच बाजूने केल्या, आणि तिसऱ्या वेळी चेंडू त्याच्या शेजारून, केवळ दोन हातांवरून गेला. त्याला वळताच आले नाही. आत पास, आणि गोल.

हे सारे मला नंतर कळले. फाटकापाशी मी ऐकले ते इतकेच की, दोन-तीनशे मुलांचा चालू असलेला गलका एकदम थांबला आणि त्या शांततेत पंधरा-सोळा अनोळखी गळे ओरडले. पाहुण्यांनी विचारले, "आपला का?" मी म्हणालो, "बहुतेक." मग गाडीचे दार लावून मी धावत आलो, चिठ्ठी दिली, बदल झाला. उरलेल्या वेळात आमच्या मुलांनी जिवाच्या आकांताने खेळ केला, पण अरुंद मैदानात त्यांचा बचाव खिंडीत उभा राहावा तसा उभा होता. २-१.

बाद झालेल्या संघाने घरी जायचे असते. यजमानांना ती सोय नसते. उरलेले दोन दिवस आमच्याच मुलांनी इतरांसाठी जाळ्या बांधल्या, पाणी दिले, निकालाचे तक्ते लिहिले. उद्घाटन उरकल्यामुळे मांडव त्याच रात्री उतरवला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कर्णधार फक्कीची पाटी घेऊन उभा होता. त्याने विचारले, "सर, आज रेषा कुठं मारायची?" मी म्हणालो, "जुन्या जागी." त्याने माझ्याकडे पाहिले, दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले आणि ४ मीटर मोजत मागे गेला.

अहवालाचा तिसरा मसुदा मी सोमवारी संध्याकाळी पूर्ण केला. त्यात मांडव, दीड तासाचा खोळंबा, ऑफसाइडचा अर्धवट सराव, आदल्या दिवशी खेळलेल्या मुलाला उतरवण्याचा माझा निर्णय आणि चिठ्ठी, एवढेच होते, आणि खाली माझी सही. प्राचार्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला. मांडवाच्या ओळीवर ते जरा थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, मग पुढच्या वर्षी उद्घाटन आदल्या संध्याकाळी ठेवू या का?"