पित्त आलं, पण नलिकांचं काय?

आज दिवसभर हाच विचार डोक्यात आहे. प्रत्यारोपणाआधी तपासण्यासाठी दात्याचं यकृत मशीनवर ठेवतात, त्यात द्रव फिरवतात, आणि त्यातून पित्त ठिबकू लागलं की सगळ्यांना हायसं वाटतं. पण पित्त बनवतात यकृतपेशी. ते वाहून नेणाऱ्या पित्तनलिकांची तब्येत कळते ती पित्ताच्या रसायनातून: नलिकांचं निरोगी अस्तर त्यात बायकार्बोनेट हा आम्लता कमी करणारा क्षार सोडतं आणि साखर परत शोषून घेतं. म्हणूनच यकृत वापरावं की नाही हे ठरवणाऱ्या, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या मूळ निकषात ३७ अंशांवर अडीच तासांत पित्ताचा पीएच (आम्लता जितकी कमी, तितका हा आकडा जास्त) ७.४५ च्या वर जावा लागत असे. पीएच खाली आणि साखर मशीनमधल्या द्रवाएवढीच, तर अस्तराला इजा झाल्याची दाट शंका घ्यावी.

नमुना मात्र खनिज तेलाच्या थराखालीच घ्या! उघड्यावर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच फसवा चढतो आणि खराब नलिका चांगली वाटते. दात्याचं हृदय थांबल्यानंतर यकृत काढलेलं असेल, तर ही तपासणी टाळणं मला मुळीच पटत नाही.