तुम्ही विचारलेत म्हणून: व्हेनिसच्या चौथ्या पुलाबद्दल

पुण्याहून, ठाण्याहून, कधी लंडनहून आलेले पाहुणे व्हेनिसच्या सान्ता लुचिया रेल्वे स्थानकाबाहेरच्या पायऱ्या उतरतात, उजवीकडे वळून त्या लाल पोलादी कमानीकडे बोट दाखवतात आणि मला विचारतात, "हाच ना तो फसलेला पूल? आणि तुम्ही स्वतः पुलांचे काम करत असूनही याची बाजू घेता?" हाच प्रश्न मेस्त्रेतल्या, म्हणजे व्हेनिसच्या बेटांसमोरच्या मुख्य भूमीवरच्या, माझ्या शेजाऱ्यांनी इटालियनमध्ये विचारला आहे, भावाने रत्नागिरीहून फोनवर विचारला आहे, आणि कार्यालयातल्या नव्या मुलांनी तर पहिल्याच आठवड्यात विचारला आहे. आजवर मी प्रत्येकाला त्या त्या वेळी सुचेल ते तोडके उत्तर दिले. एकदा तरी पूर्ण उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

ग्रँड कॅनलवरचा, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य कालव्यावरचा, हा चौथा पूल सान्तियागो कालात्रावा यांनी रचला आणि ११ सप्टेंबर २००८ च्या रात्री तो कोणत्याही समारंभाविना खुला झाला. इटलीच्या राज्यघटनेला त्या वर्षी साठ वर्षे झाली होती, म्हणून त्याला संविधानाचे नाव मिळाले. पायऱ्यांची काच घसरडी निघाली, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा आधी विचारच झाला नाही, मागाहून अंड्याच्या आकाराचा एक पाळणा पुलाच्या कडेला बसवला आणि २०२० मध्ये तोही काढून टाकावा लागला, हे सगळे तुम्ही वाचूनच आलेले असता. ते खरेच आहे.

परंतु "जुन्या शहरात नवा पूल बांधायलाच नको होता" असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मी गप्प राहू शकत नाही. हे वाक्य व्हेनिसमध्ये प्रत्येक पुलाच्या वेळी उच्चारले गेले आहे. याच कालव्यावर रियाल्तोला आधी लाकडी पूल होता. १४४४ मध्ये एका लग्नाची वरात पाहायला लोटलेल्या गर्दीखाली तो कोसळला, पुढे पुन्हा एकदा पडला, आणि तरीही दगडी पुलाचा निर्णय व्हायला दीड शतक जावे लागले. १५८८ ते १५९१ या काळात आन्तोनिओ दा पोन्ते यांनी तो बांधला, तेव्हा एवढी एकच कमान गाळात उभी राहील यावर जाणत्या लोकांचाही विश्वास नव्हता. दोन्ही काठांना मिळून सुमारे १२ हजार लाकडी मेखा ठोकून त्यांनी पाया घेतला आणि तो पूल आज प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये आहे. आकादेमियाजवळ १८५४ मध्ये ऑस्ट्रियन राजवटीत लोखंडी पूल आला. लोकांना तो कधी फारसा आवडला नाही, आणि १९३३ मध्ये तो काढून तात्पुरता लाकडी पूल घातला गेला. तो तात्पुरता पूल लोकांना एवढा आवडला की १९८५ मध्ये पुन्हा बांधताना आत पोलाद घालून बाहेरून लाकडाचे रूपच कायम ठेवले. स्कालत्सीचा दगडी पूल, जो सगळ्यांना प्राचीन वाटतो, तो १९३४ चा आहे. माझ्या आजोबांहून तो वयाने लहान आहे.

ज्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत होती आणि आज जुन्या बेटांवर पन्नास हजारही उरलेली नाहीत, तिथे रोज सकाळी बसच्या तळापासून रेल्वेपर्यंत आणि उलट दिशेने जाणारी माणसे हीच शहराची उरलीसुरली हालचाल आहे. पियाझाले रोमा हा बसचा तळ आणि स्थानक समोरासमोर असूनही पूर्वी मोठा वळसा घालावा लागे. पूल हवाच होता, आणि तो हल्लीच्या काळातला दिसायलाही हरकत नव्हती, असे मला २००८ मध्ये वाटत होते आणि आजही वाटते.

कमानीबद्दलही बोलू द्या, कारण ते माझे काम आहे. पुलाचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, सुमारे ८१ मीटरचा आहे आणि कमानीची उंची त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच आहे. कमान जितकी चपटी, तितका तिचा आडवा रेटा अधिक. म्हणजे हा पूल दोन्ही काठांना सतत बाहेर ढकलत असतो, आणि काठ आहेत खाडीच्या मऊ गाळाचे. या मातीत अशी कमान घेणे धाडसाचे होते आणि अनेक जाणकारांनी त्यावर आक्षेपही घेतले. २००७ च्या उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी तिचे भाग तराफ्यांवरून पाण्यातून आले. मी तेव्हा शिकायला येऊन एकच वर्ष झाले होते. पाच लांब कमानींना जोडणाऱ्या त्या आडव्या फासळ्या खालून पाहिल्यावर मला जे वाटले, ते मी आजही नाकारणार नाही. पूल खुला झाला त्या रात्री गर्दीत उभी राहून मी तीन वेळा ये-जा केली. त्यानंतर एका मैत्रिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात माझे एक वाक्य होते: "ज्यांना पायाखालची काच खुपते, त्यांना खरे तर काळ खुपतो आहे." ते पत्र तिने जपून ठेवले आहे. ते वाक्य लिहिणारी मी सव्वीस वर्षांची होते, चपळ होते, आणि माझ्या खांद्यावर एका पिशवीपलीकडे कधीच ओझे नसे.

आता जे सांगायचे टाळत आले, ते सांगते.

२०१२ च्या नोव्हेंबरात आई पहिल्यांदा इकडे आली. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. गुडघे झिजलेले, हातात रबरी बुडाची काठी, साडीखाली मी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट. फोनवर चार वर्षे मी तिला या पुलाचे वर्णन ऐकवले होते. दिवसभर फिरून आम्ही संध्याकाळी व्हापोरेत्तोतून, म्हणजे शहराच्या प्रवासी बोटीतून, परत येत होतो. बस पियाझाले रोमाहून सुटते आणि बोट तिथपर्यंत जाते. आम्ही नुसत्या बसून राहिलो असतो तरी पुढच्याच थांब्याला उतरलो असतो. आई थकली होती, तिचे डोळे मिटत होते. मी तिला एक थांबा आधी, स्थानकापाशी उतरवले, कारण मला तिला माझा पूल दाखवायचा होता. पाऊस नुकताच थांबला होता. ही चूक मी कोणावरही ढकलू शकत नाही.

पहिल्या पायऱ्या ती नीट चढली. या पुलाच्या पायऱ्यांची रुंदी सगळीकडे सारखी नाही, कमानीच्या वळणाबरोबर ती बदलत जाते, त्यामुळे पावलाला एक ताल सापडतो न सापडतो तोच तो मोडतो. हे मला ठाऊक होते. मला ते मोहकही वाटत असे. मधोमध दगडाची अरुंद पट्टी होती, आणि काच होती ती दोन्ही बाजूंना, कठड्याकडे. आईला कठडा हवा होता. कठडा धरायचा तर काचेवरून चालायला हवे, आणि दगडावरून चालायचे तर कठडा सोडायला हवा. चार वर्षांत शेकडो वेळा हा पूल ओलांडूनही ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण मी कधी कठडा धरलाच नव्हता.

तिने काठीचे रबरी बूड काचेवर टेकवले आणि उचलून घेतले. पुन्हा टेकवले. मग बुटाच्या चवड्याने काच दाबून पाहिली. ती हालचाल माझ्या ओळखीची होती. आमच्या घराकडे जायच्या वाटेवर पऱ्ह्यावर पोफळीच्या खोडांचा साकव असे, आणि पावसाळ्यात डोक्यावर भारा घेऊन त्यावरून जाताना ती प्रत्येक खोड असेच चवड्याने चाचपून मगच पुढचे पाऊल टाकत असे. त्या साकवाला कठडा नव्हता. त्यावरून ती कधी पडली नाही आणि आम्हा मुलांनाही तिने कधी पडू दिले नाही. तीच आई इथे पुलाच्या जवळजवळ माथ्यावर थांबली आणि म्हणाली, "अगो, पायरी कुठे संपते ते दिसत नाही."

खालून दिवे लागले होते. काचेतून उजेड वर येत होता आणि ओल्या पृष्ठभागावर पसरत होता, आणि पायरीची कड त्या उजेडात बुडून गेली होती. ज्या उजेडाचे मी पत्रात कौतुक केले होते, तो हाच. मी तिचा हात धरला, पण मीच घाबरले होते आणि तिला ते हाताला कळत होते. ती एकही पाऊल पुढे टाकेना आणि मागेही येईना. मागून चाकाच्या बॅगा ओढत माणसे येत होती, आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होती. काहींनी मान वळवून पाहिले, एकाने नापसंतीने जीभ वाजवली. आम्ही किती वेळ उभ्या होतो ते मला सांगता येणार नाही. मला वाटले ते पुष्कळ होते.

शेवटी भाजीची चाकांची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली. आईच्याच वयाची असेल. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. पिशवी माझ्या हातात दिली, आईचा हात आपल्या काखेत घट्ट धरला, तिला कठड्यापासून सोडवून मधल्या दगडावर आणले आणि "पियानो, पियानो" म्हणजे हळूहळू, एवढेच म्हणत दोघी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरल्या. आई तिला मराठीत काहीतरी सांगत होती. मी मागून भाजीची पिशवी धरून उतरत होते. त्या बाईने खाली पोचल्यावर पिशवी घेतली, पुलाकडे हात करून दोन शब्द उच्चारले, जे मी इथे लिहिणार नाही, आणि ती निघून गेली.

बसमध्ये आई काहीच बोलली नाही. गावी परतल्यावर मात्र तिने आळीत सगळ्यांना सांगितले की लेक राहते तिथे काचेचा पूल आहे, फार सुंदर आहे, रात्री तो आतून उजळतो. आपण मध्येच अडकून पडलो होतो, हे तिने कोणालाच सांगितले नाही. भावालाही नाही. ते मला पुढे कळले, आणि त्या संध्याकाळपेक्षा मला ते जास्त लागले.

त्यानंतर मी जुन्या पुलांवरून चालताना खाली पाहू लागले. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्याच आहेत. म्हातारपण या शहरात कोठेच सोपे नाही, हे विसरून चालणार नाही. पण त्या पायऱ्यांचा पृष्ठभाग करड्या ट्रॅकाइट दगडाचा असतो, जो पादोव्हाजवळच्या टेकड्यांतून येतो आणि झिजला तरी खरखरीत राहतो, आणि प्रत्येक पायरीच्या ओठावर इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाची पट्टी असते. धुक्यात, काळोखात, कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही ती पांढरी रेघ पायरी कुठे संपते ते सांगते. ती रेघ मी सहा वर्षे पाहत होते आणि शोभा समजत होते.

म्हणजे मी चुकले होते का? पत्रातल्या त्या वाक्यापुरती, होय. ज्यांना काच खुपत होती त्यांना काळ खुपत नव्हता, काचच खुपत होती. २०१९ मध्ये लेखापरीक्षण न्यायालयाने अपिलात रचनाकाराला सुमारे ७८ हजार युरो भरायला सांगितले, तेव्हा कार्यालयातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत. २०२२ च्या शेवटी पालिकेने काच काढून ट्रॅकाइट बसवण्याचे ठरवले, तेव्हा तुमच्यापैकी तिघांनी मला फोन करून विचारले, "आता तरी पटले ना?" काचेचे मला दहा वर्षांपूर्वीच पटले होते. पूल नको होता, हे मला अजून पटलेले नाही, आणि ही दोन वाक्ये तुम्ही एकच समजता याचाच मला त्रास होतो. नवेपणाने तो पूल फसला असे म्हणणाऱ्यांना मी सांगेन की पायरीला पांढरी कड लावायला कोणत्याही शतकाची आडकाठी नव्हती. पण मग मला हेही आठवते की ती कड लावली असती, तर खालून उजळणाऱ्या पायऱ्यांचा तो प्रवाह तुटला असता, आणि २००८ च्या त्या रात्री मीच पहिल्यांदा नाक मुरडले असते. हल्ली पादचारी पुलाचे कोणतेही आरेखन हाती आले की मी आधी कठडा आणि त्याच्या शेजारची फरशी पाहते. सहकारी म्हणतात की मी कमानीकडे पाहणे सोडले आहे. तसे झाले असेल, तर त्याचे मला वाईट वाटते.

२०१६ मध्ये आई पुन्हा आली. या वेळी आम्ही स्थानकापाशी उतरलो नाही, बोटीतच बसून राहिलो. बोट पुलाखाली शिरली तेव्हा आईने मान वर केली आणि त्या लाल फासळ्या मागे पडेपर्यंत पाहत राहिली. "पावसाळ्यात होडी उपडी घालून ठेवतात ना, तिच्या आत बसल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. मग धक्क्यावर उतरल्यावर काठी नीट टेकत तिने विचारले, "आज कोरडं आहे. जायचं का वरून, एकदा?"

बस उभी होती, आणि पुढची वीस मिनिटांनी होती. मी तिला सांगितले की उशीर होईल.