झऱ्यांच्या माळेवरून : ऊडनाडाटा ट्रॅक

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी गावाच्या वेशीवर पाटी असते. पुढचे कुठले रस्ते चालू, कुठले बंद ते त्यावर लिहिलेलं. पाऊस पडून गेला की मातीचे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. जुलैतल्या त्या सकाळी ऊडनाडाटा ट्रॅकपुढे 'चालू' होतं. मी पाटीचा फोटो काढून आईला पाठवला आणि खाली लिहिलं, "आता दोन-तीन दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नकोस." तिचं उत्तर लगेच आलं, "पाणी घेतलंस का?"

आम्ही मूळचे माणदेशातले, म्हसवडजवळचे. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला हाच प्रश्न पहिला विचारतात.

घेतलं होतं. 40 लिटर, दोन कॅनमध्ये. दोन स्टेपन्या, टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर, यूएचएफ रेडिओ आणि बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदत मागणारं एक छोटं यंत्र. ॲडलेडहून मारी सातशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पुढे मार्लापर्यंत साधारण 620 किलोमीटर मातीचा रस्ता आणि वाटेत विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोनच गावं. विल्यम क्रीकला गाव म्हणायचं ते मायेनं. वस्ती जेमतेम दहा-बारा माणसांची.

मारीत मी एका मातीच्या मशिदीपाशी बराच वेळ थांबले. कुडाच्या आमच्या जुन्या गोठ्यासारखी, चारी बाजूंनी उघडी. आज उभी आहे ती मूळ मशिदीची प्रतिकृती. मूळ मशीद बांधणाऱ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्यात बलुची होते, पेशावरचे पठाण होते, सिंध-राजस्थानकडचेही होते. 1866 साली कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे उंटवाले जहाजानं इथे आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे आपलं आणि त्यांचं सरकारदफ्तर एकच. रेल्वे येण्याआधी आणि आल्यावरही या वाळवंटात पीठ, तारा, लोकर, पियानोसुद्धा त्यांच्या उंटांनी वाहिला. पुढे इथल्या रेल्वेला 'घान' हे नाव मिळालं ते 'अफगाण'वरूनच, असं सांगतात.

मारी सोडलं आणि टायरची हवा 36 वरून 28 वर आणली. खडीवर टायर जरा मऊ असले की धक्के कमी बसतात आणि दगडाची धार सोसतात. रस्ता म्हणजे आडवा अंथरलेला पन्हाळी पत्रा. हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात. एका ठरावीक वेगाला गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाते आणि खडखडाट थांबतो. मधूनच फुफाटा लागतो, पिठासारखी मऊ धूळ. तिच्याखाली खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही.

साधारण 90 किलोमीटरवर उजव्या हाताला काटी थांडा हे खारं सरोवर दिसलं. नकाशावर याचं दुसरं नाव लेक आयर. समुद्रसपाटीच्या 15 मीटर खाली, ऑस्ट्रेलियातली सर्वांत सखल जागा. पाणी नव्हतं, क्षितिजापर्यंत मीठ. अरबाना या इथल्या मूळ रहिवाशांसाठी ही जागा पवित्र आहे, म्हणून मी काठावरच उभी राहिले. इतकी शांतता होती की माझ्या जॅकेटची चेन हलली तरी कानाला जाणवत होती.

आणि मग 'बबलर'. यासाठीच मी आले होते.

उघड्या माळावर एक बुटका उंचवटा, त्याच्या माथ्यावर गोल डबकं. बघता बघता मधोमध राखाडी वाळू फुगते, वर येते, एक मोठा बुडबुडा फुटतो आणि पाणी पुन्हा शांत. परत तेच, आधणाला उकळी फुटावी तसं. अरबानांच्या कथेत कानमारी नावाचा अजस्र साप इथे मारला गेला. पाण्याची ही उसळी म्हणजे त्याची शेवटची तडफड. शेजारच्या 'ब्लांश कप' झऱ्यापाशी त्याला भट्टीत भाजला आणि त्याचं मुंडकं फेकलं, तीच पलीकडची टेकडी. कथा माहीत असली की तो माळ वेगळाच दिसतो.

हे पाणी कुठलं? पूर्वेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस खडकांत मुरतो, जमिनीखालून वर्षाला काही मीटर अशा गतीनं सरकतो आणि लाखो वर्षांनी इथे दाबानं वर येतो. मी बोटं बुडवली. पाणी कोमट, चवीला खारट. आजीची आठवण आली. कोरड्या माणगंगेच्या पात्रात ती हातानं झिरा उकरायची आणि पाणी साचायची वाट बघत तासन्‌तास बसायची.

तिथेच या रस्त्याचा अर्थ लागला. अरबाना आणि त्यांचे शेजारी हजारो वर्षं झऱ्यांवरून झऱ्यांवर चालत आले, गेरूचा व्यापार करत. 1859 मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा गोरा शोधप्रवासी याच झऱ्यांच्या आधारानं उत्तरेला सरकला. 1872 मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची लाइन त्याच्याच मार्गानं गेली. वाफेच्या इंजिनाला पाणी हवं म्हणून रेल्वेही इथूनच आली आणि 1891 मध्ये ऊडनाडाटाला पोचली. 1980 मध्ये ती बंद झाली. नवा लोहमार्ग पश्चिमेला टाकला. डिझेलला झऱ्यांची गरज नव्हती. स्टुअर्टच्या नावाचा महामार्ग आहे. वाट मुळात ज्यांची, त्यांचं नाव या रस्त्यालाही हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

रात्र कावर्ड स्प्रिंग्जला, खजुराच्या झाडांखाली काढली. जुन्या रेल्वे स्लीपरांनी बांधलेल्या हौदात कोमट पाण्यात बसले; वर आकाशगंगा अगदी हाताशी.

दुसऱ्या दिवशी विल्यम क्रीकच्या पुढे मागचा डावा टायर गेला. दगडानं बाजूनंच फाटला होता. जॅक मऊ मातीत रुतायला लागला, तेव्हा त्याच्याखाली फळी सरकवली. नट सोडवून होतायत तोवर कॅरव्हॅन ओढत एक आजी-आजोबा आले आणि काही न विचारता थांबले. आजोबांनी स्टेपनी चढवली, आजींनी चहा केला. निघताना त्यांनी विचारलं, "पाणी आहे ना पुरेसं?"

अल्जेबकिनाचा लोखंडी पूल साधारण 580 मीटर लांब आहे. खाली नील्स नदीत पाण्याचे दोन-तीन डोह, त्यांवर पेलिकन. ऊडनाडाटात 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मी पोचले तेव्हा गार वारं सुटलं होतं आणि पिंक रोडहाउसमध्ये गरम सूप मिळालं.

मार्लाला डांबरी रस्ता लागला. टायरमध्ये हवा भरताना कॅन तपासले. 26 लिटर शिल्लक होतं. ओतून द्यायला हात धजेना. ते तसंच ॲडलेडला आणलं आणि आठवडाभर रोज थोडंथोडं अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं.