चार रात्री तंबूत: तारांगिरे, सेरेंगेटी, गोरोंगोरो

टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानात, सेरोनेराच्या तळावरची पहिली रात्र. दीडच्या सुमाराला जाग आली, कारण तंबूच्या कापडापलीकडे कुणीतरी हुंगत होतं. बायको आधीच जागी होती. दोघंही एक शब्द बोललो नाही. मग लांबून तरसाची ती खालून वर चढत जाणारी हाक आली, ‘ऊऽऽप’, आणि आमच्या जवळचं जनावर तिकडे निघून गेलं. सकाळी बघतो तर माझ्या एका चपलेचा पट्टा गायब. चूक माझीच, चप्पल बाहेर राहिली होती. तेव्हा पहिला सल्ला हाच: रात्री पादत्राणं आत घ्या आणि खायचं काहीही, अगदी बिस्किटाचा चुरासुद्धा, तंबूत ठेवू नका. तळाला कुंपण नसतं.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, अरुशा शहरातून निघून पाच दिवस, चार रात्री. एक रात्र म्टो वा म्बू गावात, दोन सेरेंगेटीत, एक गोरोंगोरो या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर. उघड्या टपाची लँड क्रूझर, चालवणारा तोच वाटाड्या, सोबत एक आचारी. तंबू आणि गाद्या त्यांच्या, स्लीपिंग बॅगच्या आत घालायचं सुती अस्तर आमचं. ते जरूर न्या.

तंबू स्वस्त पडतो म्हणून निवडणार असाल, तर आधी हिशेब करा. लॉजपेक्षा खर्च कमी होतो, पण वाटतो तितका नाही, कारण मोठा वाटा उद्यानांच्या शुल्काचा असतो आणि ते कुठेही झोपलात तरी सुटत नाही. सेरेंगेटीला परदेशी माणसाला हंगामात दिवसाचे ७० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट. गोरोंगोरोच्या विवरात गाडी उतरवायची तर कर धरून २९५ डॉलर, गाडीत दोन माणसं असोत की सहा. त्यामुळे चार-सहा जण मिळून गेलात तर खरा फरक पडतो. सेरेंगेटीचा परवाना चोवीस तासांचा असतो. आत कधी शिरायचं आणि बाहेर कधी पडायचं हे वाटाड्या घड्याळ बघून ठरवतो. तो घाई करतोय म्हणून चिडू नका.

तारांगिरे उद्यानाला एकच दिवस दिला, आणि तो कमी पडला. गोरखचिंचेची झाडं आपल्याकडेही आहेत, पण एखाददुसरी. इथे टेकडीभर उभी असतात, आणि कित्येकांच्या बुंध्यांची साल हत्तींनी सोलून काढलेली. चावरी त्सेत्से माशी इथे भेटते. निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती धावते. माझी जीन्स निळी होती, आणि मांडीवरच्या गाठी पुढे चार दिवस खाजत राहिल्या. मातकट, खाकी कपडे घ्या.

म्टो वा म्बू म्हणजे डासांची नदी. नाव सार्थ आहे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा.

भाषेची गंमतही इथेच कळली. स्वाहिलीत गाडी म्हणजे ‘गारी’, दुकान म्हणजे ‘दुका’, पैसे म्हणजे ‘पेसा’. बायको सवयीने चालकाला ‘काका’ म्हणायला लागली आणि तो खूश झाला, कारण स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ. दुसऱ्या दिवशी आचारी तिला ‘दादा’ म्हणाला. ‘दादा’ म्हणजे बहीण! त्यानेच संध्याकाळी सांगितलं, उद्या चहा बारा वाजता. मी मनात वैतागलो, जनावरं बघायला आलोय की झोपायला? सकाळी सहाला तंबूवर टकटक. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. वेळ ठरवताना ‘सकाळी की रात्री, कुणाच्या घड्याळाने’ एवढं विचारून घ्या.

गोरोंगोरोहून सेरेंगेटीकडे जाणारा रस्ता कच्चा आणि पन्हाळी पत्र्यासारखा. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घ्या आणि नाकाला रुमाल बांधा. नाबी टेकडीच्या फाटकाअलीकडे गवत आखूड होत जातं आणि मग अचानक जमीन हलायला लागते. फेब्रुवारीत विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप एन्डुटूच्या बाजूच्या या दक्षिण माळावर असतात, कारण ज्वालामुखीच्या राखेवरचं इथलं गवत खनिजांनी समृद्ध असतं आणि पिलं याच दिवसांत होतात. बहुतेक सगळी दोन-तीन आठवड्यांत. आम्ही गाडी बंद करून उभे होतो. समोर एक मादी व्यायली. पिलू चिकट, ओलं, पाय चारी दिशांना. पडलं, उठलं, परत पडलं. काही मिनिटांत ते उभं राहून आईच्या मागे लडखडत निघालं. कळप थांबला नव्हता. गाडीत सहा जण होतो, कुणी फोटो काढला नाही हे संध्याकाळी लक्षात आलं.

नदी ओलांडणारे कळप बघायचे असतील तर मात्र फेब्रुवारी उपयोगाचा नाही. मारा नदीचं ते दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरचं, आणि तेही उद्यानाच्या उत्तर टोकाला. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. ‘सेरेंगेटी’ एवढंच सांगून आरक्षण केलंत तर चुकीच्या टोकाला जाऊन पोहोचाल.

सेरोनेरात किमान दोन रात्री राहा. जनावरांची खरी हालचाल पहाटे आणि सूर्य कलताना. एकाच रात्रीत त्यातलं निम्मं प्रवासात जातं. तळावरचे संडास चालतील असे आहेत, पाण्याचा भरवसा धरू नका. संध्याकाळी सहानंतर चहा-पाणी आवरतं घ्या. रात्री जावंच लागलं तर दोघांनी जा आणि आधी विजेरी चौफेर फिरवा. डोळे चमकले तर मागे फिरा. चार्जिंग गाडीतच होतं, म्हणून पॉवरबँक हवी.

शाकाहाराची काळजी नको. आचारी भात, घेवड्यासारखी उसळ, कोबी आणि चपाती करत होता. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. आम्ही नेलेलं मेतकूट त्याने हुंगून बघितलं, भातावर घेतलं आणि उरलेली पुडी मागून घेतली. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर मात्र २०१९ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या.

शेवटची रात्र गोरोंगोरोच्या काठावर, सिंबा तळावर. उंची सुमारे २,३०० मीटर. विषुववृत्ताजवळ थंडी कसली, असं म्हणून मी जाड स्वेटर अरुशालाच ठेवला होता. सगळे कपडे एकावर एक चढवून झोपलो. पहाटे पाण्याच्या टाकीपाशी एक सुळेवाला हत्ती सोंड घालून पीत होता. भांडी घासणारी माणसं चार पावलं बाजूला झाली, बस.

विवराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १९ किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल, वरून बघताना तोंडातून शब्द फुटत नाही. खाली उतरल्यावर मात्र एका सिंहाभोवती चौदा गाड्या मोजल्या. काळा गेंडा दिसला, पण दुर्बिणीतून, चण्याएवढा. प्रत्येकाकडे स्वतःची दुर्बीण हवी ती यासाठीच. जेवणाच्या थांब्यावर घारी हातातलं सँडविच उचलतात, डबा गाडीतच उघडा. सर्वांत आधी उतरणाऱ्या गाड्यांत राहिलात तर गर्दीच्या आधीचा तासभर तुमचा असतो.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरू नका: पीतज्वराची लस. सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून परतताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईला उतरल्यावर आमचं पिवळं कार्ड खरंच मागितलं. ते बायकोच्या बॅगेत, मेतकुटाच्या रिकाम्या डब्याखाली होतं.